भुताची साक्ष आणि संशोधकाचा पुरावा : 'डिलिव्हरन्स डेन' वाचताना

पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेल्या मंडळींना कादंबरी वाचायला सांगितली की पहिला प्रश्न येतो, "वेळ कुठंय?" प्रश्न रास्त आहे. तरीही आज एक कादंबरी सुचवतेय, आणि सुचवता सुचवता तिच्याशी भांडणारही आहे. कॅथरिन हाऊ या अमेरिकन लेखिकेची २००९ साली आलेली 'द फिझिक बुक ऑफ डिलिव्हरन्स डेन'. 'फिझिक' म्हणजे जुन्या इंग्रजीत औषधोपचार. डिलिव्हरन्स डेन हे एका बाईचं नाव.

वनौषधी, वेलींनी झाकलेलं जुनं घर, पिढ्यान् पिढ्या हातोहात गेलेलं औषधांचं पुस्तक, दोन काळांत आलटून पालटून चालणारी गोष्ट आणि थोडी भुताटकी. इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात त्या उबदार रहस्यकथांचा सगळा ऐवज इथे आहे. रक्तपात फार नाही, गाव लहान, आणि शेवटी सगळं नीट होणार याची वाचकाला खात्री. पावसाळ्यातल्या रविवारी वाचावी अशीच ही कादंबरी आहे.

मग ती तुमच्यासाठी कशाला? कारण हिची नायिका पीएचडी करणारी मुलगी आहे, आणि कादंबरीतलं रहस्य म्हणजे एका संशोधनसाधनाचा शोध आहे. लेखिका स्वतः बॉस्टन विद्यापीठात पीएचडी करत असताना हे पुस्तक लिहीत होती. त्यामुळे संशोधनाची चव तिला आतून माहीत आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : अर्ध्यापर्यंत ही कादंबरी संशोधन कसं चालतं ते फार छान दाखवते, आणि मग जिथे खरी अडचण सुरू होते तिथे भुताला साक्षीला बोलावते. ज्या घटनेवर ही कादंबरी उभी आहे, तिथे नेमक्या याच गोष्टीपायी माणसं फासावर गेली होती. (पुढे कथानकातल्या काही गोष्टी उघड होतील. आधी कादंबरी वाचायची असेल तर इथे थांबा.)

गोष्ट काय आहे

साल १९९१. कॉनी गुडविन हार्वर्डमध्ये अमेरिकेच्या वसाहतकाळाच्या इतिहासावर काम करतेय. सुरुवातीलाच तिची तोंडी परीक्षा आहे. आपल्याकडे रजिस्ट्रेशन, कोर्सवर्क, मग सिनॉप्सिस असा क्रम असतो. तिकडे प्रबंधाला हात घालण्याआधी समितीसमोर बसून संपूर्ण विषयावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. हे प्रकरण परीक्षा देऊन आलेल्या माणसाने लिहिलंय हे लगेच कळतं. परीक्षा पार पडते आणि तिचा गाइड, मॅनिंग चिल्टन, तिच्या मागे लागतो : नवं साधन आण, कुणी न पाहिलेलं.

त्या उन्हाळ्यात कॉनीला आजीचं बंद पडलेलं घर आवरायला मार्बलहेड या समुद्रकाठच्या गावी जावं लागतं. घरात वीज नाही, फोन नाही, परसात झाडपाल्याचं रान माजलेलं. तिथे एका जुन्या बायबलमध्ये तिला किल्ली सापडते, आणि किल्लीच्या पोकळ दांड्यात कागदाची सुरळी. त्यावर दोनच शब्द : डिलिव्हरन्स डेन.

दुसरा काळ सतराव्या शतकाच्या अखेरचा. तिथे डिलिव्हरन्स स्वतः आपल्याला भेटते. ती आजाऱ्यांना औषध देते, आणि त्यापायीच १६९२ च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांत अडकते.

पहिला अर्धा भाग : इथे शिकण्यासारखं खूप आहे

कॉनीच्या हातात फक्त एक नाव आहे. ते माणसाचं आहे की आणखी कशाचं, हेही तिला आधी कळत नाही. मग ती काय करते ते बघा. चर्चच्या नोंदी तपासते. माणूस मेल्यावर कोर्टात त्याच्या मालमत्तेची जी यादी होते, ती शोधते. भांडी, गुरं, अंथरूण-पांघरूण असल्या रटाळ यादीत तिला पुस्तकाचा उल्लेख मिळतो, पण तो 'रिसीट'चं पुस्तक असा. आज रिसीट म्हणजे पावती. मग हे काय, जमाखर्चाचं बाड? तर नाही. त्या काळी 'रिसीट' म्हणजे कृती, पाककृती किंवा औषधाची कृती. पुढच्या एका पिढीतल्या बाईच्या रोजनिशीत हेच पुस्तक भलत्याच शब्दाने, 'अल्मनॅक' म्हणजे पंचांग म्हणून येतं.

हा भाग दोनदा वाचा. संशोधनाच्या पद्धतीवरच्या पुस्तकांत जे पन्नास पानांत सांगतात, ते इथे गोष्टीतून कळतं : तुम्ही जे शोधताय ते तुमच्या शब्दाखाली ठेवलेलं नसतं. ते ज्याने नोंदवलं त्याच्या शब्दाखाली असतं, आणि नोंदवणाऱ्याला तुमच्या विषयात काडीचा रस नसतो. कोर्टाच्या कारकुनाला पुस्तकातल्या ज्ञानाशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त किंमत लिहायची होती. आपल्याकडेही हेच. कुणाला जुन्या घरगुती औषधांवर काम करायचं असेल आणि तो हस्तलिखितांच्या सूचीत 'वैद्यक' एवढाच शब्द बघून परतला, तर 'स्फुट' किंवा 'संकीर्ण' म्हणून बांधून ठेवलेल्या बाडात काय होतं हे त्याला कधीच कळणार नाही. पुराण उतरवून झाल्यावर उरलेल्या कोऱ्या पानावर कुणीतरी खोकल्याचा काढा लिहून ठेवलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट. औषधाचं ज्ञान असलेली बाई कागदोपत्री कधी दिसते? ती बरं करत असते तेव्हा नाही. ती चर्चमधून काढली जाते, कोर्टात उभी राहते किंवा मरते तेव्हा. तिच्याबद्दलचे बहुतेक कागद तिच्यावर सत्ता चालवणाऱ्यांनी लिहिलेले असतात. कॉनी हे ओळखून वाचते. कादंबरीचं हे श्रेय मोठं आहे.

दोन काळांची सोय

आता भांडणाकडे येऊ. दोन काळांत चालणाऱ्या कादंबरीत वाचकाला एक सवलत असते : भूतकाळाचं प्रकरण थेट वाचायला मिळतं. कॉनीला फक्त यादीतली एक ओळ मिळते. आपल्याला मात्र पुढच्या प्रकरणात डिलिव्हरन्सच्या स्वयंपाकघरात जाऊन बसता येतं. ती काय बोलली, काय कुटत होती, मनात काय होतं, सगळं कळतं. मग आपण कॉनीकडे बघून मनात म्हणतो, "अगं, जवळ आलीस!"

ही सवलत वाचनसुखासाठी उत्तम आहे, पण संशोधकाच्या मनाला ती वाईट सवय लावते. तिच्यामुळे वाटू लागतं की खरा भूतकाळ कुठेतरी पूर्ण लिहून ठेवलेला आहे आणि आपलं काम फक्त त्या पानापर्यंत पोचायचं. तसं पान नसतं. तुमच्याकडे यादीतली ओळ असते. शेजारी दुसरी ओळ ठेवता येते, तिसरी ठेवता येते. मधल्या फटी राहतात, आणि प्रबंधात त्या फटी दिसाव्याच लागतात.

हाऊ यांनी सवलत एवढ्यावर ठेवली असती तर मी तक्रार केली नसती. पण कादंबरी पुढे सरकते तशी कॉनीलाही गूढ अनुभव येऊ लागतात. घरात पूर्वी राहून गेलेली माणसं तिला दिसतात. ती मंत्र म्हणून बघते आणि तो चालतो. तिचा कुत्राही काही साधा कुत्रा नाही. पुस्तकाचा माग शेवटपर्यंत कागदांवरूनच लागतो, हे मान्य. पण डिलिव्हरन्स खरोखर कोण होती, या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं उत्तर कागदांतून येत नाही. ते येतं नायिकेच्या अंगात आलेल्या शक्तीतून. तिला चेटूक जमतं, म्हणजे तिच्या पूर्वजेलाही जमत होतं. झालं सिद्ध!

१६९२ साली भुताने साक्ष दिली होती

आता सेलमचा खरा इतिहास शेजारी ठेवा. मॅसॅच्युसेट्समध्ये १६९२ च्या मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी या खटल्यांसाठी खास न्यायालय नेमलं. त्या वर्षात १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. आणखी काही जण तुरुंगात मेले. (जाळलं कुणालाच नाही, ही समजूत युरोपातल्या घटनांवरून इकडे चिकटली आहे.)

या खटल्यांत एका खास प्रकारचा पुरावा चालला. त्याला 'स्पेक्ट्रल एव्हिडन्स' म्हणतात. आपण छायेची साक्ष म्हणू. फिर्यादी सांगायचा की अमक्या बाईची छाया रात्री माझ्याकडे आली, तिने मला चिमटे काढले, गळा दाबला. ही छाया फक्त फिर्यादीला दिसायची. आरोपीने "त्या रात्री मी घरातच होते" म्हणून उपयोग नाही, कारण शरीर घरात असलं तरी छाया बाहेर जाऊ शकते असं धरलेलं होतं. जॉर्ज बरोज या धर्मोपदेशकाच्या खटल्यात तर बारा-तेरा वर्षांच्या अ‍ॅन पुटनमने सांगितलं की त्याच्या मेलेल्या दोन बायका प्रेतवस्त्रात आपल्यापुढे आल्या आणि त्यानेच आपल्याला मारल्याचं म्हणाल्या. बरोज ऑगस्टमध्ये फासावर गेला.

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर या साक्षीत नेमकं काय चुकतं ते ओळखा. लोक भुतावर विश्वास ठेवायचे, एवढंच म्हणून भागणार नाही. विश्वास तर सगळ्यांचाच होता, खटल्यांवर आक्षेप घेणाऱ्यांचासुद्धा. खरा दोष असा की हा पुरावा दुसऱ्या कुणाला तपासताच येत नव्हता, आणि तो खोटा ठरेल अशी एकही परिस्थिती शिल्लक ठेवलेली नव्हती. बोस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीस मेदर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा मुद्दा मांडला. त्यांचा चेटकावर विश्वास होता, पण अशा साक्षीवर एका निर्दोष माणसाचा जीव जाण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असं त्यांचं मत होतं. त्याच महिन्यात ते न्यायालय बंद झालं. १६९३ च्या जानेवारीपासून बसलेल्या नव्या न्यायालयाने छायेची साक्ष बाजूला ठेवली, आणि बहुतेक आरोपी सुटले.

आता पुन्हा कादंबरीकडे बघा. फक्त नायिकेला दिसणारी दृश्यं, फक्त तिच्या हातून घडणारे चमत्कार, आणि त्यावरून एका मेलेल्या बाईबद्दल काढलेला निष्कर्ष. पुराव्याची जात तीच, फक्त हेतू प्रेमळ.

खरी डिलिव्हरन्स डेन

डिलिव्हरन्स डेन ही खरी व्यक्ती होती. ती अँडोव्हर गावची, नॅथॅनिएल डेनची बायको. तिचे सासरे फ्रान्सिस डेन हे तिथले धर्मोपदेशक. कादंबरीतली डिलिव्हरन्स फाशी जाते. खरी गेली नाही. तिच्यावर आरोप झाला, ती तुरुंगात राहिली आणि वाचली. कादंबरीकाराने नाव घेऊन आयुष्य बदललं यात गैर नाही, आणि शेवटच्या टिपणात हाऊ यांनी खऱ्या डिलिव्हरन्सबद्दल सांगितलेलंही आहे.

पण खऱ्या डिलिव्हरन्सच्या नावाने एक कागद उरला आहे, आणि तो मला कादंबरीतल्या सगळ्या मंत्रांपेक्षा जास्त हलवून गेला. अँडोव्हरच्या सहा बायकांचं हे निवेदन आहे. सह्यांमध्ये तिचं नाव आहे. त्या सांगतात ते थोडक्यात असं : आम्हाला सभागृहात बोलावलं, आमचे डोळे बांधले, आणि झटके येत असलेल्या लोकांच्या अंगावर आमचे हात ठेवले. हात लागताच ते शांत झाले, म्हणून आम्ही दोषी, असं ठरवून आम्हाला पकडलं. आम्ही घाबरून गेलो. तुम्ही चेटकिणीच आहात असं आमच्या जवळच्या माणसांनीही इतकं बजावलं की आम्ही कबुली दिली. ती कबुली खोटी होती.

त्या वर्षी कबूल करणारे बहुतेक वाचले आणि शेवटपर्यंत नाकारणारे फासावर गेले. अशा वेळी वाचल्यानंतर मागे फिरून "आम्ही खोटं बोललो" असं सही करून सांगणं सोपं नव्हतं. या बाईने कागदावर मागे ठेवलेली गोष्ट एकच : मी चेटकीण नव्हते. आणि तिच्या नावाची कादंबरी तीनशे वर्षांनी म्हणते : नाही, होतीस.

"पण ही गोष्ट आहे, प्रबंध नाही," असं तुम्ही म्हणाल. बरोबर. 'ती चेटकीण होती आणि ते चांगलंच होतं' असं म्हणण्यामागे बायकांच्या दडपलेल्या ज्ञानाला मान देण्याची इच्छा आहे, तीही कळते. हाऊ यांच्या पूर्वजांत सेलममध्ये फाशी गेलेली एलिझाबेथ हाऊ आहे. त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी नुसता करमणुकीचा नाही. तरी परिणाम काय होतो ते बघाच. ती खरंच चेटकीण असेल तर न्यायालयाची वस्तुस्थिती बरोबर ठरते, चुकते फक्त शिक्षा. आपल्याला हे लांबचं वाटायला नको. सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायकांचा छळ झाल्याचं आपण ऐकत आलोय. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिला त्रास देणं गुन्हा धरलेलं आहे. त्या बाईला "तू चांगली डाकीण आहेस" म्हणून न्याय मिळत नाही. तिला हवं असतं ते "मी डाकीण नाही" हे तिचं म्हणणं नोंदवून घेणारं कुणीतरी.

भुताशिवाय हेच काम कसं होतं

कादंबरी ज्या वर्षी घडते त्याच वर्षी, १९९१ साली, इतिहासासाठीचं पुलित्झर पारितोषिक लॉरेल थॅचर अल्रिक यांच्या 'अ मिडवाइफ्स टेल' या पुस्तकाला मिळालं. मेन प्रांतातल्या हॅलोवेल गावची सुईण मार्था बॅलर्ड हिने १७८५ ते १८१२ अशी २७ वर्षं रोजनिशी लिहिली. रोज दोन-चार ओळी : हवा कशी, कोण आलं, कुणाची सुटका केली, बागेत काय लावलं, विणकाम किती झालं. ८१६ बाळंतपणं तिने नोंदवली. अल्रिक यांच्या आधीच्या अभ्यासकांनी रोजनिशी पाहिली होती, पण किरकोळ घरगुती तपशील म्हणून सोडून दिली होती. अल्रिक यांनी तेच किरकोळ तपशील मोजले आणि कोर्टाच्या, गावाच्या, इतर लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिले. पुस्तकाच्या शेवटी रोजनिशीत आलेल्या औषधी पदार्थांची यादीच दिलेली आहे. कॉनी ज्याच्या शोधात होती ते 'फिझिक बुक' असं, कंटाळा न करता वाचलेल्या ओळींतून उभं राहिलं. मार्था गप्प आहे तिथे अल्रिकही तसं सांगून पुढे जातात.

कॉनीच्या गाइडबद्दल थोडंसं. "कुणी न पाहिलेलं साधन आण" हा दबाव खरा आहे, आणि तो तुमच्यावरही येईल. कादंबरी त्यावर सोपा तोडगा काढते : गाइडला किमयेच्या नादी लागलेला खलनायक करून टाकते. तुमचा गाइड बहुधा तसा नसेल, फक्त घाईत असेल. अशा वेळी अल्रिक यांचं उदाहरण हाताशी ठेवा. त्यांचं साधन नवं नव्हतं, सगळ्यांनी पाहिलेलं होतं. नवा होता तो त्याला विचारलेला प्रश्न.

कादंबरी जरूर वाचा, शक्य झालं तर 'अ मिडवाइफ्स टेल' शेजारी ठेवून. वाचताना वहीत दोन रकाने करा : कॉनीला हे कागदावरून कळलं, आणि कॉनीला हे दिसलं. मग तोच प्रयोग स्वतःच्या सिनॉप्सिसवर करा. 'त्या काळच्या स्त्रियांना वाटत होतं', 'समाजात अशी भावना होती' अशी वाक्यं कुठल्या रकान्यात जातात ते तपासा. ज्या वाक्याला कागद नाही आणि जे खोटं कसं ठरेल हे तुम्हाला सांगता येत नाही, ते वाक्य सध्या छायेच्या साक्षीवर उभं आहे. ते लगेच खोडू नका. त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा आणि सोमवारी ग्रंथालयात जाऊन कुठली यादी, कुठली वही उघडायची ते त्याच ओळीखाली लिहून ठेवा.